काड्यांविना वाढलेलं ताट

शिगांगच्या पुलावर आज जो पांग देव बसला आहे, त्याचा चेहरा लालबुंद आहे, दाढी छातीवर रुळते आणि त्याच्याकडे पाहायला मान वर करावी लागते. खरा पांग सरदार ठेंगणा होता. दाढी म्हणाल तर हनुवटीवर मोजके केस. आवाज मात्र दणदणीत, आणि तो मुख्यतः शिव्या द्यायला वापरायचा. सरदार म्हणायचं ते आपलं म्हणायची पद्धत म्हणून; हाताखाली जेमतेम चाळीसेक शिपाई, आणि त्यातले निम्मे गावातल्याच कोळ्यांची पोरं. अशा माणसाचा देव कसा झाला हे सांगायचं तर देवळापासून सुरुवात करून चालणार नाही. सुइलानच्या चुलीपासून करावी लागेल.

सुइलान विधवा होती. धक्क्यालगत तिची खानावळ होती: एक चूल, दोन कढया, बाहेर ठेंगणी बाकडी आणि एक उंच बाक. पहाटे समुद्रावर जाणारे आणि दुपारी परतणारे तिच्याकडे कालवं घातलेली पेज प्यायचे. तिच्या हाताला चव होती आणि जिभेला धार, आणि गिऱ्हाईक दोन्हींसाठी यायचं. त्या उंच बाकावर दुसरं कुणी बसत नसे. तो पांग सरदाराचा. तो उत्तरेकडच्या कोरड्या मुलखातून आलेला, समुद्राच्या वासानेच त्याचं डोकं फिरायचं, आणि ठेंगण्या बाकड्यावर बसायला सांगितलं तर म्हणायचा, मी काय दूध काढायला बसलोय?

सुइलानला एकुलता एक मुलगा होता, आपाओ. तो सरदाराच्या पथकात होता, आणि गेल्या वसंतात सरदाराबरोबरच मेला.

त्या दिवशी भरतीबरोबर लुटारूंची गलबतं आली. शिगांग म्हणजे खाडीतलं बेट. डोंगराकडे पळायला तो एकच दगडी पूल. सरदाराला निघून जायला वाट मोकळी होती. शहराच्या तटाआड जाऊन बसला असता तर कुणी बोट दाखवलं नसतं. तो माणसं घेऊन पुलाच्या तोंडाशी उभा राहिला आणि म्हातारेकोतारे, पोरंबाळं, डुकरं, कोंबड्या सगळं पलीकडे जाईपर्यंत हलला नाही. पाय उचला म्हणून गावाला शिव्या घालत होता. शेजारणीची, जाओदीची, छोटी यान गर्दीत मागे राहिली होती. आपाओने तिला खांद्यावर घेतलं, पुलापलीकडे आईच्या हातात दिलं आणि धावत परत आपल्या जागेवर गेला. डोंगरावर पोचलेल्यांना त्या शिव्या बराच वेळ ऐकू येत होत्या, मग थांबल्या.

गाव परतलं तेव्हा सरदार कठड्याला टेकून बसल्यासारखा मेलेला होता. त्याला तिथेच पुलाच्या कडेला पुरलं, वर एक दगड ठेवला. शिपायांना लुटारूंनी समुद्रात लोटलं होतं. त्यांच्यातलं एकही प्रेत किनाऱ्याला लागलं नाही.

सुइलानचं दुःख इथेच संपत नव्हतं. आईने मुलापुढे उदबत्ती लावायची नसते. थोरांनी धाकट्यापुढे हात जोडायचे नसतात. आपाओचं लग्न झालेलं नव्हतं, मागे मूल नव्हतं, म्हणून कुळाच्या देव्हाऱ्यात त्याच्या नावाची पाटी बसणार नव्हती. प्रेत नाही म्हणून थडगंही नाही. असा जीव उपाशी फिरतो. साऱ्या गावाला पेज वाढणाऱ्या बाईचं पोर उपाशी होतं, आणि त्याला वाटीभर पेज द्यायची तिला मुभा नव्हती. ही गोष्ट तिला रोज चुलीपुढे आठवायची.

एकच आधार होता. शिपाई सरदाराला सोडून जात नाही, मेल्यावरही नाही, असं सगळेच मानतात. सरदार पुलाशी आहे म्हणजे आपाओही तिथेच कुठेतरी असणार. येता-जाता ती त्या दगडापाशी थांबायची आणि हळूच म्हणायची, "सरदार, पोराकडे लक्ष असू द्या."

उन्हाळा लागला आणि गावात तापाची साथ आली. पोरं फणफणू लागली. जाळी रिकामी येऊ लागली. एक होडी पुलाखाली, जिथे लहान पोरही होडी उलटवणार नाही, तिथे उलटली. मग कुणीतरी म्हणालं की अंधार पडला की पुलावरून उत्तरेकडच्या बोलीतल्या शिव्या ऐकू येतात. झालं. पुढच्या चार दिवसांत अख्ख्या गावाने त्या ऐकल्या. सुइलान मुद्दाम जाऊन उभी राहिली, कान देऊन, तर तिला नुसतं पाणी ऐकू आलं. तिला फार वाईट वाटलं.

एके दुपारी गावचे प्रमुख लियाओ आजोबा खानावळीत आले. पेज मागवली आणि ती समोर येऊनही खाईनात.

"सुइलान, बस जरा."

"तुम्ही बस म्हणालात की काहीतरी वाईटच असतं, आजोबा. उभ्यानेच सांगा."

आजोबांनी दाढी चाचपली. "सरदाराला पाठवून द्यायचं ठरलंय. सातवा महिना तोंडावर आलाय. तेव्हा सगळीच भुतं मोकळी सुटतात. आत्ताच हे हाल, मग काय होईल? शहरातून वेई बुवांना बोलावलंय. ते कागदाची होडी करतील, त्यात तांदूळ, मीठ, तेल भरतील, सरदाराला मानाने बसवतील आणि ओहोटीबरोबर सोडतील. खुल्या समुद्रात."

सुइलानच्या हातातली पळी कढईत पडली.

"खुल्या समुद्रात," ती म्हणाली. "आणि परत?"

"परत येऊ नये म्हणूनच ना."

"ज्या माणसाने तुम्हाला पलीकडे पोचवलं, त्याला तुम्ही हाकलणार."

"हाकलत नाही गं. निरोप देतोय. बायको नाही, पोर नाही, अपमृत्यू. भुकेलेला आहे तो. त्याच्या भुकेपायी पोरं तापलीत."

जाओदी शेजारच्या बाकड्यावर मासे निवडत होती. यान पाच दिवस तापाने अंथरुणाला खिळली होती आणि जाओदीचे डोळे जागरणाने सुजले होते. तिने मान वर केली नाही. "तू रोज तिथे जाऊन त्याच्याशी गप्पा मारतेस, वहिनी. भुताला कुणी बोलायला मिळालं की ते हलतं का? तूच लाडावून ठेवलंयस त्याला."

"मी काय त्याच्यासाठी जाते?"

आपाओ कुणाची पोर घेऊन पलीकडे आला होता याची जाओदीला आठवण करून द्यायची गरज नव्हती. ती खालच्या आवाजात म्हणाली, "माझी यान बरी व्हायला हवी, वहिनी. मला दुसरं काही दिसत नाही आत्ता."

सुइलानने कढईतली पळी बाहेर काढली. ती स्वतः आई होती.

"निरोपाचं जेवण तू करायचंस," आजोबा उठता उठता म्हणाले. "त्याला काय आवडायचं ते तुलाच ठाऊक. आणि तुला शिकवायला नको, पण सांगतो. देवाचा नैवेद्य अख्खा असतो, भुताचा चिरलेला. सगळं चिरून, शिजवून, वाट्यांत वाढ. जमिनीवर चटई. आणि जेवायच्या काड्या विसरू नकोस, त्या देवाला लागत नाहीत. भुताला काड्या नाही दिल्या तर हाताने कुणाच्या तरी ताटात घुसेल."

"चाळीस वर्षं चूल फुंकतेय, आजोबा."

"म्हणूनच सांगतोय. तुझं मन थाऱ्यावर नाही."

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. सरदार समुद्रात गेला की त्याची माणसं त्याच्या मागे जाणार, आणि आपाओ पुलापाशी उरणार नाही. एवढं एकच ठिकाण होतं जिथे उभं राहून ती त्याच्याबद्दल दोन शब्द बोलू शकत होती, तेही आता जाणार होतं. त्या रात्री तिला झोप लागली नाही हे सांगायला नको.

ओहोटी सकाळी उशिरा होती. सुइलानने झुंजुमुंजू होताच चूल पेटवली. बोय मासा ताजा होता, कल्ले लाल. फळीवर ठेवला, सुरी उचलली, आणि तिला सरदाराचं पहिलं जेवण आठवलं. तिने गावच्या रीतीने माशाचे तुकडे करून वाढले होते. त्याने ताटाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि साऱ्या धक्क्याला ऐकू जाईल असं विचारलं, "मला काय मांजर समजलीस? मासा अख्खा आण." त्या दिवसापासून दोन वर्षं तिने त्याला अख्खाच मासा दिला होता. कोंबडीही अख्खी, कारण ती तो हाताने मोडायचा. डुकराच्या मांसाचा तुकडाही सबंध, कारण कंबरेच्या म्यानात त्याची स्वतःची सुरी असायची, आणि त्याच म्यानात हाडाच्या दोन काड्या. दुसऱ्याच्या काड्यांना त्याने कधी हात लावला नाही. शिवाय शेजारी आंबट शिरक्याची वाटी. शिरका नसला तर तो जेवायचाच नाही, नुसता रुसून बसायचा.

ती आठवत होती आणि हात चालले होते. हातांना सांगावं लागत नव्हतं. मध्येच डोळे भरून आले तेव्हा तिने ते बाहीने पुसले आणि भांडी टोपलीत भरली. काड्यांची जुडी आठवणीने घेतली, टोपलीत मावेना म्हणून पाठीशी कमरपट्ट्यात खोचली.

पुलावर सारं गाव जमलं होतं. वेई बुवा, शहरातले ताओ पुजारी, पिवळा झगा घालून उभे होते. जाडजूड, घामाघूम, आणि पोटाने सकाळपासून कुरकुर लावलेली. कागदाची होडी मात्र त्यांनी सुरेख केली होती. शिडं लाल, पुढच्या टोकाला, नाळेवर, डोळे रंगवलेले, आत तांदळाच्या छोट्या पिशव्या. पोरांना ती जाळायची की सोडायची याचीच चिंता होती.

भरतीचं पाणी पुलावरून नुकतंच ओसरलं होतं. चटई टाकली ती भिजून लोळागोळा झाली. "थांबा," सुइलान म्हणाली, आणि दोघा माणसांकडून खानावळीतला उंच बाक आणवला. त्यावर तिने ताट मांडलं. अख्खा मासा, डोकं दगडाकडे करून. अख्खी कोंबडी. मांसाचा सबंध तुकडा. दारूचे पेले. शिरका. बुवा डोळे मिटून मंत्र पुटपुटत होते. आजोबांनी उदबत्त्या पेटवून वाळूच्या भांड्यात खोचल्या. धूर सरळ वर गेला.

मग बुवांनी डोळे उघडले आणि ताटाकडे बघून त्यांचा मंत्र अडकला.

"हे कुणी मांडलं?"

सगळ्यांनी बघितलं, आणि सुइलाननेही आत्ता, पहिल्यांदा, बघितलं. उंच आसनावर, अख्खं, न चिरलेलं, काड्यांविना. भुताचं जेवण नव्हतं ते. नववर्षाला समुद्रदेवीपुढे ती जे मांडायची, तसंच्या तसं होतं. शिरका सोडला तर.

"सुइलान," आजोबा दबक्या आवाजात म्हणाले, "काड्या कुठेत?"

तिचा हात मागे गेला. जुडी कमरेला होती. बोटांना लागत होती. ती काढायची, बाकावर ठेवायची, सुरी मागवून मासा चिरायचा, चूक झाली म्हणायचं, आणि सगळं मार्गाला लागलं असतं. होडी निघाली असती. सरदार त्यात बसला असता, आणि त्याच्यामागे आपाओ, भिजलेल्या कपड्यांत.

तिने हात पुढे घेतला.

"सरदार स्वतःच्या काड्या वापरायचे," ती म्हणाली. "कंबरेला असायच्या त्यांच्या. तुम्ही सगळ्यांनी बघितल्यात."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. खरं होतं. एक म्हातारा कोळी म्हणाला, "हो की. हाडाच्या. आणि मासाही अख्खाच लागायचा त्याला, तुकडे केले तर अंगावर यायचा." कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, बसायचाही याच बाकावर. वसंतापासून पहिल्यांदाच त्या पुलावर सरदाराबद्दल न घाबरता कुणी काही बोलत होतं.

जाओदी सुइलानच्या अगदी मागे उभी होती. आखूड सदऱ्याखालून डोकावणारी जुडी तिला दिसत होती. सुइलानला मानेवर तिचा श्वास जाणवत होता, आणि तो श्वास थांबलेलाही जाणवला. एक शब्द बोलली असती तर पुरे होतं. जाओदी अर्धं पाऊल पुढे सरकली आणि सुइलानच्या पाठीला खेटून उभी राहिली, अशी, की मागून कुणालाही काही दिसू नये.

"आता हे उचला आणि दुसरं मांडा," आजोबा बुवांना म्हणाले.

"उचला?" बुवा म्हणाले. "उदबत्ती लागली, आजोबा. पाहुणा जेवायला बसलाय. जेवत्या माणसापुढचं ताट ओढायचं? आणि देवाचं ताट जेवलेल्याला भुताच्या होडीत कसा घालू मी? मला वर जाब द्यावा लागेल." त्यांनी घाम पुसला. "कौल लावतो. त्यालाच विचारू."

त्यांनी झोळीतून कौलाचे दोन तुकडे काढले. बांबूच्या मुळाचे, चंद्रकोरीसारखे, एक अंग सपाट, एक फुगीर. दगडापुढे गुडघे टेकून त्यांनी विचारलं, "पांग सरदार, होडी तयार आहे. निघायचं ना?"

तुकडे दगडावर पडले. दोन्हींची सपाट बाजू वर. फुगीर अंगावर ते किती वेळ डुलत राहिले.

"हसतोय, हो म्हणत नाही," बुवा म्हणाले. त्यांनी पुन्हा विचारलं, आणखी आदराने. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा टाकले तेव्हा एक तुकडा डुलता डुलता आजोबांच्या जोड्याला जाऊन भिडला.

"जिवंतपणी कधी हसला नाही मेला," जाओदी म्हणाली, आणि तिच्या आवाजात रडू होतं की राग, ते तिलाच कळत नसावं.

लियाओ आजोबा कठोर माणूस नव्हते. गावाची पोरं तापलेली असताना प्रमुखाला जे सुचतं ते त्यांना सुचलं होतं. त्यांनी तुकडे स्वतः उचलले. "सरदार," ते म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही मला थेरड्या म्हणालात आणि ढुंगणावर लाथ मारून पुलापलीकडे घातलंत. मी ते मनात धरून बसलो नाही, असं नाही. पण विचारतो. तुम्हाला इथेच राहायचंय का? या गावाचे होऊन?"

एक सपाट, एक फुगीर. हो.

तीनदा सलग यावं लागतं, एरवी तो कौल नव्हे. दुसऱ्यांदाही हो आलं. तिसऱ्यांदा टाकायला आजोबांनी हात उचलला, तोच जाओदी गर्दीतून पुढे आली आणि तिने तुकडे त्यांच्या हातातून घेतले.

"सगळं ठीक आहे," ती दगडाला म्हणाली. "देव व्हा, नाहीतर आणखी कुणी व्हा. पण माझी पोरगी जळतेय घरात. तुमच्या माणसाने तिला खांद्यावरून पलीकडे आणली, ती तापाने मरायला नाही. तिला बरी करणार असाल तर राहा. नसाल तर या होडीत तुम्हाला मी स्वतः बसवेन, मग तुम्ही कुणीही असा." आणि तिने तुकडे टाकले, टाकले म्हणजे आपटलेच.

एक सपाट. दुसरा कडेवर उभा राहिला, कलंडला, आणि फुगीर अंग वर करून पडला.

बुवांच्या पोटाचा आवाज तेवढा ऐकू आला.

"मग होडीचं काय?" एका पोराने विचारलं.

होडी रिकामी सोडणं बुवांच्या जिवावर आलं होतं. दोन दिवस खपले होते ते तिच्यावर. त्यांनी जरा विचार केला आणि सरदाराला सोडून तापालाच होडीत बसवायचं ठरवलं. मोठ्या आवाजात तापाला बोलावलं, तांदूळ दाखवून भुलवलं, बसवलं आणि होडी ओहोटीत सोडली. "सरदार," जाता जाता ते म्हणाले, "खाडीच्या तोंडापर्यंत सोबत जा आणि परत या. वाटेत हा ताप होडीतून उतरला तर बघून घ्या." सरदारांचं हे पहिलंच काम. लाल शिडं बेटाच्या टोकाला वळून दिसेनाशी झाली. मग बुवांनी पाहुण्याचं जेवण झालं का असा शेवटचा कौल लावला, हो आलं, आणि मासा, कोंबडी गावाने वाटून खाल्ली. बुवांनी कोंबडीची तंगडी आधीच हेरून ठेवली होती.

यानचा ताप आणखी काही दिवस होता, मग उतरला. वैद्याच्या काढ्याने उतरला, पावसाळी वारा फिरला म्हणून उतरला, की होडीत बसून गेला, हे ज्याचं त्याने ठरवावं. जाओदीने ठरवलं होतं. ती रोज सकाळी धक्क्यावर जाण्याआधी दगडापुढे शिरक्याची वाटी ठेवायची आणि आपल्याला उशीर झाल्याबद्दल त्यालाच चार शब्द सुनवायची. नात्यात जसं असतं तसं.

पानगळीपर्यंत दगडावर छप्पर आलं. मग मूर्ती. मूर्तिकार बाहेरगावचा; त्याने चेहरा कसा होता विचारलं तर प्रत्येकाने वेगळा सांगितला. पोरांनी उंच सांगितला, कारण ती खालून बघायची. बायकांनी दाढी वाढवली. कुणीतरी लाल रंग सुचवला, आणि तो चुकीचा नव्हता, शिव्या देताना सरदार लालच व्हायचा. सुइलानला कुणी विचारलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही. मूर्ती बसवायच्या आदल्या दिवशी ती नुसती एवढंच म्हणाली, "आसन उंच करा. खाली बसायला आवडत नाही त्यांना."

त्याच बैठकीत सगळं ठरल्यावर लोक उठायला लागले, तेव्हा जाओदी म्हणाली, "आणि फौजेचं काय?"

"कुठल्या फौजेचं?" आजोबांनी विचारलं.

"देवाची फौज असते ना? समुद्रदेवीची आहे, डोंगरातल्या देवाची आहे. महिन्यातून दोनदा त्यांना जेवू घालतो आपण. यांची माणसं काय उपाशी ठेवायची? आपलीच पोरं आहेत त्यात." ती सुइलानकडे बघत नव्हती. मुद्दामच बघत नव्हती. "साऱ्या गावाने मिळून वाढायचं. म्हणजे कुणी कुणाला वाढलं, आई होती की आणखी कोण, हा प्रश्नच नाही. शिपायाला जेवू घालायला रीत आड येत नाही."

आजोबांनी मान हलवली. हे आपल्याला कसं सुचलं नाही, अशा चेहऱ्याने ते बसून राहिले. बाहेर पडताना जाओदीने सुइलानच्या कानाशी विचारलं, "त्या दिवशीच्या काड्या जपून ठेवल्यास ना गं?"

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, उन्हं कलायच्या सुमारास, गावाने पुलावर फौजेला पहिलं जेवण वाढलं. शिपायांना देवासारखं अख्खं चालत नाही, त्यांना माणसासारखं लागतं: चिरून, शिजवून, वाट्यांत, चटईवर. घराघरातून वाट्या आल्या. मीठ लावून तळलेले मासे, भोपळा, शेवया, डुकराचं मांस, भात. वेई बुवांनी गवताची पेंढी आणि पाण्याची बादली ठेवायला लावली, घोड्यांसाठी.

"घोडे कुठले?" म्हातारा कोळी म्हणाला. "सरदाराकडे साधं खेचर नव्हतं."

"बढती झाली की मिळतात," बुवा म्हणाले.

ज्यांची पोरं गेली होती त्या आयाही इतरांसारख्याच वाट्या मांडत होत्या. कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. एका बाईने आपली वाटी ठेवली, थोडी सरकवली, पुन्हा थोडी सरकवली.

सुइलान सर्वांत शेवटी आली. तिच्या हातात झाकलेलं भांडं होतं. चटईच्या टोकाला, समुद्राच्या बाजूने, ती बसली. तिने हात जोडले नाहीत, उदबत्ती लावली नाही, त्यातलं काही तिने करायचं नव्हतं. झाकण काढलं. कालवांची पेज होती, वर कुरकुरीत तळलेला लसूण, आणि आलं अजिबात नाही, कारण आपाओ आलं निवडून बाजूला काढायचा आणि ती त्याला रोज त्यावरून बोलायची. पेजेतून वाफ निघत होती.

तिने कमरेची जुडी सोडली, त्यातल्या दोन काड्या घेतल्या, बाहीने पुसल्या आणि वाटीवर आडव्या ठेवल्या.

"गरम आहे," ती म्हणाली. "फुंकून खा."